दोरीने वर जाणारा हात

पंजाबराव वणीत कोळशाच्या ट्रकांवर ताडपत्री बांधायचे. भरल्या ट्रकवर उभे राहून दोर आवळताना तो तुटला आणि ते उजव्या खांद्यावर पडले. शस्त्रक्रियेनंतर व्यायामासाठी माझ्याकडे येऊ लागले. मी फिजिओथेरपिस्ट आहे.

पहिल्याच दिवशी त्यांनी अट घातली. "बाई, हात वर न्या, पण मधातच सोडू नोका. जीव जाते."

"न सांगता सोडणार नाही," मी म्हणाले.

माझ्या दवाखान्यात दारावर कप्पी आहे. दोरीचे एक टोक दुखऱ्या मनगटाला बांधायचे, दुसरे चांगल्या हातात धरायचे. चांगला हात ओढला की दुखरा वर जातो. सांधा आखडू नये म्हणून हा व्यायाम असतो. त्यावरून हाताची ताकद कळत नाही. पंजाबरावांचा हात दोरीने डोक्यापर्यंत जाई. स्वतःहून खांद्याच्या उंचीलाही पोचत नसे, कारण तो उचलणारा स्नायू हाडापासून सुटला होता आणि शिवूनही टिकला नव्हता.

त्यांना घेऊन यायचा पुतण्या रवी. त्यांच्याच घरी वाढलेला. घरी व्यायाम आठवावा म्हणून तो मोबाइलवर चित्रण करी.

"काका, हसा ना थोडं. हिरो दिसून राह्यले."

"काकूले दाखव. चहा तरी वेळेवर भेटन."

मग रवीला काकांच्याच कंत्राटदाराने वजनकाट्यावर नोकरी दिली. त्याचे पेढे मीही खाल्ले.

अपंगत्वाचा टक्का ठरायचा होता त्या दिवशी मी सोबत यवतमाळला गेले. त्या टक्क्यावर भरपाई ठरणार होती, आणि ताडपत्रीचे काम तर कायमचे संपले होते. तपासणीच्या खोलीत कंत्राटदाराच्या माणसाने डॉक्टरांपुढे मोबाइल धरला. चित्रात खांदा, कोपर आणि कान एवढेच होते. कोपर अलगद कानाच्या वर जात होते. मनगट, दोरी, डावा हात कुठेच नव्हते.

पंजाबरावांनी दाराशी बसलेल्या रवीकडे पाहिले.

"तू देल्लं?"

"साहेब म्हणे, नुसतं पायतो..."

"मंग चित्रातली दोरी काहून कापली?"



"दोरीनेच गेला हो हात," मी म्हणाले.

"दोरी दिसत नाही, मॅडम," डॉक्टर म्हणाले. "काका, स्वतः उचला."

हात थोडा उठला, थरथरला, थांबला.

"घरी हिरो, इथं झिरो," कंत्राटदाराचा माणूस हसला. डॉक्टरांनी कागदावर एक लहानसा आकडा लिहिला.

एकच परीक्षा उरली होती. हात दुसऱ्याने वर नेऊन सोडायचा. स्नायू शाबूत असला तर हात सावकाश खाली येतो, नसला तर कोसळतो. पण आधी सांगितले, तर मुद्दाम पाडला म्हणणार.

"मी उचलू का?" मी पंजाबरावांना विचारले.

"उचला, बाई. तुमचा भरोसा हाये."

मी हात वर नेला. नेहमीप्रमाणे त्यांनी डोळे मिटले. मी सोडला.

हात ओल्या पोत्यासारखा कोसळला. ते ओरडले नाहीत. डाव्या हाताने टेबलाची कड धरून वाकले.  डॉक्टरांनी आकडा खोडला आणि नवा, मोठा लिहिला.

वणीच्या एसटीत रवी दाराजवळ उभा राहिला. मी पंजाबरावांजवळ गेले.

"आधी सांगितलं असतं तर त्यांनी मानलं नसतं," मी म्हणाले.

"समजलं मले," ते म्हणाले, आणि मांडीवरची पिशवी डाव्या हाताने उचलून शेजारच्या रिकाम्या जागेवर ठेवली.