विजांची चिवचिव

केसरने शेवटचे दोन बोंबील एकमेकांच्या जबड्यांत अडकवून तारेवर टाकले, तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं.

"मावशी, अहो काय करताय? ती माझी अँटेना आहे!"

वाळूत पाय रुतवत धावत आलेली एक मुलगी चष्मा सावरत उभी राहिली. केसरने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा तारेकडे. दोन उंच बांबू आणि त्यांच्यामध्ये चौकोनात गुंडाळलेली तार. थळच्या किनाऱ्यावर अशा चौकटीला बोंबील वाळवायची वलांडी म्हणतात. दुसरं काही म्हणायची आजवर कुणाला गरज पडली नव्हती.

"मना काय ठाव, बाय? म्हटलं, कुनीतरी नवी वलांडी बांधली. आमची भरून गेली व्हती."

मुलगी रागवायला निघाली होती, पण तिचं तिलाच हसू फुटलं. दोघी मिळून बोंबील उतरवू लागल्या. तिचं नाव नेत्रा, नवी मुंबईतल्या कुठल्याशा संशोधन संस्थेतली. विजेच्या खांबांपासून लांब जागा हवी म्हणून ती किनाऱ्याच्या या टोकाला आली होती. हात मासळीने माखले तरी तिची टकळी सुरूच होती. लांब कुठेतरी वीज पडली की तिच्यातून रेडिओलहर निघते. ती वर आभाळातल्या एका थरावर आपटते, खाली समुद्रावर येते, पुन्हा वर जाते, आणि अशी हजारो मैल पळते. तो थर इतका उंच की तिथे फुगा पोचत नाही, आणि इतका खाली की उपग्रह टिकत नाही. मग त्याची उंची विजेलाच विचारायची.

वीज म्हटल्यावर केसरचा हात थांबला. तिची नजर वर सुरूच्या झाडांखाली गेली. तिथे ताडपत्रीत गुंडाळलेली त्यांची होडी होती. गेल्या वर्षी त्याच होडीत तिच्या दिरावर, रामचंद्रावर, वीज पडली होती. तिचा नवरा धर्मा तेव्हा त्याच्यापासून दोन हातांवर होता. त्या दिवसापासून धर्माने समुद्रात पाऊल टाकलं नव्हतं. दुसऱ्यांची जाळी शिवत बसायचा आणि आभाळ गुरगुरलं की आत जाऊन दार लावून घ्यायचा. केसरने समजावून पाहिलं, रडून पाहिलं, चार लोकांत टाकून बोलूनही पाहिलं. तिला होडी पाण्यात हवी होती, आणि त्याहून जास्त, तिचा पहिला धर्मा परत हवा होता.

सूर्य बुडाला. रिकाम्या पाट्या उचलायला धर्मा आला, तेव्हा नेत्राने नुकताच तारेला स्पीकर जोडला होता. आधी नुसती तडतड, चुलीवर लाह्या फुटाव्यात तशी. काळोख दाटत गेला तसा त्या तडतडीत एक बारीक, ओला आवाज मिसळू लागला. चिव्. चिव् चिव्.

"कसली पाखरं ही?" धर्माने विचारलं.

केसरने घाईने एक पाटी उचलून त्याच्या हातात दिली.

"कसली न्हाय. चला तुमी," ती म्हणाली. पण पोरगी बोलून गेलीच.

"विजा आहेत, काका. दिवस बुडाला की वरचा थर उचलला जातो. मग त्या अशा घुमायला लागतात."

धर्मा दोन पावलं मागे सरकला. हातातली पाटी सुटून वाळूत पडली. वर आभाळ स्वच्छ होतं, ढगाचा मागमूसही नव्हता, एकेक चांदणी निवांत उगवत होती. आणि खाली एक आवाज विरायच्या आत दुसरा उठत होता.

"कुठं पडतात?"

"कुठेही. बंगालच्या उपसागरात, सुमात्राकडे, आफ्रिकेत. थांबत नाहीतच कधी."

"येवढ्या?"

"एवढ्या."

तो हळूच खाली बसला. समुद्राची गाज आणि ती चिवचिव एकमेकांत मिसळून गेली, आणि केसरला वाटलं, आपण तिघं किनाऱ्यावर नाहीच, कसल्याशा मोठ्या, मंद घुमणाऱ्या घुमटाखाली बसलोय.

"मना वाटायचं," धर्मा म्हणाला, "रामचंद्राला नेला, आता ती मना शोधते. ही तर कुनालाच शोधत न्हाय."

नेत्राला काही उमगलं नाही. केसरला सगळं उमगलं. तिने पदराने तोंड पुसलं आणि मान दुसरीकडे वळवली.

धर्मा उठला. होडीपाशी गेला. ताडपत्रीच्या गाठी सुटायला तयार नव्हत्या. तो एकेक दातांनी ओढून सोडवत राहिला. मग अंधारातून त्याची हाक आली.

"केसर, उद्या भरती कवाची गं?"

वर्षभरात त्याने हे विचारलं नव्हतं.

"पाहाटची," ती म्हणाली. आवाज तिला वाटला तेवढा मोठा निघाला नाही.

याच्यासाठी तिने देव पाण्यात घालून ठेवले होते. आता धावत जाऊन ताडपत्रीचं दुसरं टोक धरायचं, एवढंच उरलं होतं. ती जागची हलली नाही. मग वाळूवरून सरकत सरकत ती स्पीकरजवळ गेली आणि त्याला कान लावून बसली. चिव्. चिव्.

"बाय," तिने हळूच विचारलं, "यातली जवळची कंची, ती कशी वळखायची गं?"