मुळं वर

"ह्याला लॉन म्हणायचं का, वच्छलाबाई?" सुंदररावांनी मला विचारलं आणि हातातली काठी साऱ्या अंगणावरून फिरवली. "चाई पडलेलं डोकं दिसतंय हे."

दगडाबाई माझ्या शेजारी उभी होती. तिने पदर नीट केला, अंगणाकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "दिसतंया खरं तसंच."

मला तिचा रागच आला. भांडण मिटवायला आलेलं माणूस पहिल्याच वाक्याला कबूल होतं का? पण ती तशीच होती. आणि अंगण खरंच वाईट दिसत होतं. नहाणीचं पाणी जिरायचं तिथे भिंतीच्या कडेने हिरवा पट्टा होता. बाकी ठिकाणी गवताचे वाळके पुंजके आणि त्यांच्यामधून डोकावणारी माती.

बाहत्तरच्या दुष्काळानंतर बरीच वर्षं गेली होती, आणि बीडला पुन्हा तसेच दिवस आले होते. बाहत्तरला खडी फोडायला बसलेल्या बायकांना दगडाबाईने एकत्र धरून ठेवलं होतं. कामं संपली तरी तिने त्यांना पांगू दिलं नाही. पुढे आम्ही बायकांची मजूर सहकारी संस्था नोंदवली. मी शिवणवर्ग चालवायची. लिहितावाचता येतं म्हणून चिटणीस झाले. दगडाबाई मुकादम. कागदावर अध्यक्ष कुणी का असेना, बायका ओळखायच्या दगडाबाईला.

सुंदरराव हायस्कूलचे निवृत्त मुख्याध्यापक. शहराबाहेर शिक्षकांची गृहनिर्माण सोसायटी झाली होती, तिचे ते चेअरमन. त्यांचं घर पहिलं पुरं झालं आणि पहिलं अंगण आमच्याकडे आलं. ते चांगलं झालं तर साऱ्या कॉलनीची अंगणं, कुंपणं, झाडं आमचीच. म्हणजे दिवाळीनंतर बायकांना मुलाबाळांसकट ऊसतोडीला जावं लागणार नव्हतं. हे सुंदररावांना माहीत नव्हतं. आम्हाला दुसरं काही सुचत नव्हतं.

"गवत चांगलंच आणलं होतं," सुंदरराव म्हणाले. "औरंगाबादच्या रोपवाटिकेतून, ट्रकनं. मी स्वतः पाहून आलो होतो. मग मेलं कशानं?"

"ऊन लई हाय ह्या साली," दगडाबाई म्हणाली.

"ऊन शेजारच्या गुलाबाला नाही का?"

दारात सत्यभामाबाई, त्यांच्या मंडळी, उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मी सांगू का? ट्रक आला त्या दिवशी ह्या बायकांनी सगळं गवत कुंपणाच्या भिंतीवर आणि त्या दगडांवर उलटं घातलं होतं. माती झटकून, मुळं वर. पापड वाळत घालावेत तसं. मी खिडकीतून बघत होते. मला वाटलं, तशीच पद्धत असेल."

दगडाबाईच्या चेहऱ्यावरचं काहीतरी विझलं. मला कळलं नाही. मी गावची नव्हे, पेठेतली. तिला मात्र एका वाक्यात सगळं समजलं होतं.

"दुपारनंतर लावलं," सत्यभामाबाई म्हणाल्या. "तोवर निम्मं वाळून गेलेलं."

"असं का केलं?" सुंदररावांनी विचारलं.

"सायब, ती हराळी हाय," दगडाबाई म्हणाली.

"काय?"

"तुमी लान मनता ती. आमच्याकडं तिला हराळी मनत्यात. रानात शिरली की रान गेलं. आमी जलमभर ती उपटीत आलो. खुरप्यानं काढायची, माती झटकायची आन् बांधावर मुळं वर करून टाकायची. मुळं खाली ऱ्हायली तर ती पुन्ना धरती. हातालाच सवय हाय ती. कुनी मुद्दाम न्हाई केलं."

सुंदरराव त्या वाळक्या पुंजक्यांकडे वळले. मग हसले. चांगलं मोकळं हसले. "म्हणजे मी ट्रक भरून शत्रू आणला होता म्हणा की."

"बाया बी तसंच मनत हुत्या. जनावराला चारा न्हाई, आन् सायब चारा लावून त्याच्यावर खुर्ची टाकनार."

सत्यभामाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. मला वाटलं, मिटलं. आता पुन्हा लावून द्या म्हणतील आणि चहा येईल. चहा आलाही. पण कप खाली ठेवताना सुंदररावांचा आवाज बदलला. तो आवाज मी ओळखत होते. माझा भाऊ त्यांच्या शाळेत शिकला होता. वर्गात कुणी खोडी काढली की ते असेच शांतपणे विचारायचे.

"सुरुवात कुणी केली?"

दगडाबाई बशीत सांडलेला चहा बोटाने पुसू लागली.

"एकीनं केलं असणार, बाकीच्यांनी बघून केलं. मला सभेत उत्तर द्यावं लागतं, बाई. बाकीचे मेंबर म्हणतात, ठेकेदार शहरातला आणा. मी सांगीन, नाही, ह्याच बायकांना द्या, चूक कळली आहे. पण ज्या हातानं झालं तो हात ह्या कॉलनीत कामाला नको. एवढं मला सांगता आलं पाहिजे. नाव सांगा."

"माज्याच हातानं झालं," दगडाबाई म्हणाली.

मी तिच्याकडे वळले. ट्रक आला त्या दिवशी सकाळपासून ती माझ्याबरोबर होती. जिल्हा बँकेत संस्थेच्या खात्यावर तिचा अंगठा लागत होता. मॅनेजर जेवायला गेले म्हणून आम्ही दोघी ऊन उतरेपर्यंत बँकेच्या पायरीवर बसून होतो. मी तोंड उघडलं.

"बाई," ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमचा च्या गार हुतोय."

सुंदरराव गोंधळले. त्यांना ती आवडली होती, हे दिसत होतं. त्यांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. "तुम्ही तर मुकादम," ते म्हणाले.

"मनून तर. मुकादमानं केलं की समद्या करत्यात."

त्यांना शब्द मागे घेता आला असता. मला अजून वाटतं, आणखी थोडा वेळ कुणी काही बोललं नसतं तर त्यांनी घेतलाही असता. पण दगडाबाईनेच विचारलं, "मी न्हाई आले तर बाकी घरांचं काम बायांना देता नव्हं?"

"देतो," ते म्हणाले.

"मग ह्ये अंगन तेवढं मला नीट करून देऊ द्या. बिघडवलेलं ठिवून जायला बरं वाटत न्हाई."

परत येताना ती भराभर चालत होती. नाक्यावरच्या लिंबाखाली मी तिला थांबवलं.

"कावून खोटं बोललीस गं?" तिच्याबरोबर राहून माझ्या तोंडातही तिचे शब्द येत.

"खोटं कुठं? मी तिथं आस्ते तर झालं नसतं. मंजी माजंच."

"कुणी केलं ते तुला माहीत आहे."

ती झाडाच्या मुळीवर टेकली. "बायडाबाईनं. दुसऱ्या कुनाचा हात येवढा चलाख हाय? तरन्यापनी ती येकटी बांधच्या बांध हराळी काढायची. ट्रकमधून गवताची ढेप खाली आली आसंल, हिनं पैली उचलली आसंल, झटकली, ठिवली उलटी. बाकीच्या तिला म्हातारी मनून मानत्यात. तिनं केलं मंजी बरुबर आसंल."

बायडाबाई टोळीत सगळ्यांत म्हातारी. एका डोळ्याने कमी दिसायचं, कंबर वाकलेली. तिची सून शिवकन्या आमच्याकडेच कामाला होती.

"तिला काढलं आसतं तर?" दगडाबाई म्हणाली. "येकटीच्या मजुरीवर शिवकन्या ऱ्हाती का हितं? गेली आस्ती कोयत्यावर नवऱ्यासंगं. म्हातारीला उसाच्या फडात कोन नेतं? गावात ऱ्हायली आस्ती येकटी. आमच्या गावात दिवाळीनंतर बगितलंय का तुमी? म्हातारी आन् कुत्री. मेलं मानूस तर उचलायला चौघं गोळा हुईनात."

"आणि तू? तुला कोण आहे?"

"मला कोन नसल्यानं तर सोपं झालं," ती म्हणाली आणि उठली.

ट्रकभर गवत पुन्हा आणणं संस्थेला जमणार नव्हतं, आणि सुंदररावांना ते मागायची तिची तयारी नव्हती. नागपंचमीच्या सुमाराला दोन सरी पडल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी ती सुंदररावांच्या फाटकाशी उभी, डोक्यावर ओलं पोतं, आणखी दोन पोती खाली. लिंबागणेशच्या अलीकडे तिचं रान होतं. नवरा गेल्यावर ती खडी फोडायला बाहेर पडली आणि परत येईतो त्या रानात हराळी शिरली होती. मग ते पडीकच राहिलं. तिथून तिने पहाटे हराळी खणून आणली होती, पहिल्या यष्टीने, भिजवलेल्या पोत्यांत झाकून.

"तुमच्या औरंगाबादी हराळीपेक्षा ही चिवट हाय," ती सुंदररावांना म्हणाली. "हिनं माजं रान खाल्लंय. तुमचं अंगन भरायला तिला काय वाटायचंय?"

व्हरांड्यात खुर्ची होती, पण दगडाबाई हराळी लावत होती तोवर सुंदरराव उभेच राहिले.

तिने कुणाला हात लावू दिला नाही. ओळीत बसून एकेक काडी मातीत घालत होती. मी पाहिलं, दरवेळी मातीतून बोट काढताना तिचा हात थोडा अडायचा. जन्मभर जे उपटलं ते खोचायचं होतं. मध्येच ती स्वतःशीच पुटपुटली, "जा माय, जा खाली."

गणपतीत ते अंगण हिरवं झालं. सत्यभामाबाईंनी त्यातल्याच दूर्वा काढून वाहिल्या. मला म्हणाल्या, "विकत आणायला नकोत आता." मी म्हटलं, दगडाबाईला सांगते. तिला सांगितलं तेव्हा ती हसली. "देवाच्या पायाशी दुर्वा, आमच्या रानात हराळी. नशीब गवताला बी आस्तं."

कॉलनीचं काम आम्हाला मिळालं. सुंदररावांनी सभेत शब्द पाळला. दोन्ही शब्द पाळले. शिवकन्या मुकादम झाली. मी दगडाबाईला म्हटलं, शहरात दुसरीकडे कुठे कामं बघू, संस्थेत राहा. ती म्हणाली, "मी हितं घुटमळत ऱ्हायले तर त्या पोरीला मुकादम कोन मनंल? बाया माज्याच तोंडाकडं बगतील."

दिवाळीनंतर ती पुतण्याच्या टोळीत उचल, म्हणजे आगाऊ पैसे, न घेता, अर्धा कोयता म्हणून निघाली. दोन माणसांचा मिळून एक कोयता धरतात. एकटं माणूस असलं की अर्धा. टोळी नाक्यावरून जाणार होती म्हणून मी पोचवायला गेले. ट्रकमध्ये भांडी, शेळ्या, पोरं, बाजली, आणि त्यांच्यावर दगडाबाई. खालून मला ती लहान दिसत होती.

"अंगन भरलं का समदं?" तिने वरून विचारलं.

"भरलं. साहेब म्हणत होते, तुला एकदा बघायला बोलवा."

"आल्यावर बगू."

चैत्रात ती आली. बघायला मात्र कधी गेली नाही. ज्या कॉलनीत नको म्हटलं होतं तिथे पाय ठेवायचा नाही, एवढाच तिचा हट्ट असावा. सुंदरराव मला रस्त्यात भेटले की विचारायचे, "त्या बाई कशा आहेत?" मी म्हणायची, बऱ्या आहेत. पुढे त्यांनी विचारायचं सोडलं. ती वारली तेव्हा ते स्वतःच अंथरुणाला खिळलेले होते.

पण मला आठवते ती टोळीचा ट्रक गेला त्याच दिवसाची सकाळ. मी परत येताना मुद्दाम कॉलनीतून वळले. सुंदररावांच्या अंगणात बायडाबाई एकटीच खुरपत बसली होती. हराळीचा एक धावरा, सरपटत वाढलेली लांब काडी, अंगणाची विटांची कड ओलांडून बाहेर वाटेवर आला होता. तिने तो खुरप्याने उचलला, माती झटकली. हात आपोआप भिंतीकडे गेला, मुळं वर करून.

तिथेच थांबला.

तिने मान वळवून नाक्याच्या दिशेने पाहिलं. ट्रक केव्हाच गेला होता. नुसता मोकळा रस्ता राहिला होता. मग तिने तो धावरा उलटा केला, कडेच्या आत एक खळी केली आणि मुळं खाली सोडली. मातीवर हात दाबून ठेवला. माझी सावली अंगावर पडली तरी तिने वर पाहिलं नाही, आणि मी फाटक ओलांडून पुढे गेले तरी हात उचलला नव्हता.