मथुरेने ओळखलेला पंखा

मी एक जुना पितळी पंखा आहे. घरात टांगतात तसला नव्हे. होडीच्या मागे, पाण्याखाली फिरून तिला पुढे लोटणारा. बुरोंडीच्या आप्पांच्या होडीला मी सात वर्षे होतो. ती चालवायचा भागोजी. १९८० सालच्या आश्विनात तो एकटाच जाळी काढायला गेला आणि वादळ आले. होडी उलटली. मी पाण्याबाहेर आलो अन् हवेत नुसताच भिरभिरत राहिलो. भागोजीचे काय झाले ते मला दिसले नाही.

पुढे चार वर्षे मी खेडच्या भंगारात पडून होतो. तिथून मला बिल्किसने उचलले. होड्या बांधणाऱ्या मुसा सुतारांची ही मुलगी मुंबईत कला शिकून आली होती. वाऱ्यावर फिरणारी, वाजणारी शिल्पे ती करायची. तिने मला चिंचेने लख्ख घासले आणि शिडाच्या कापडाच्या चक्राला जोडले. वारा आला की मी फिरे, माझी पाती लोखंडी नळ्यांवर आपटत आणि गुहागरचे सुरूबन घुमू लागे. लोक लांबून बघायला येत. मित्रांनो, मी किती फुशारलो होतो म्हणून सांगू!

शिल्प उभे राहिल्याच्या तिसऱ्या दिवशी सुकी मासळी विकणारी मथुरा आली. तिने टोपली खाली ठेवली आणि एकटक माझ्याकडे पाहत राहिली.

"थांबव ह्याला, बाय."

बिल्किसने चक्र धरले. मथुरेने माझ्या एका पात्याच्या, तुटून पुन्हा जोडलेल्या टोकावरून बोट फिरवले.

"ह्यो जोड माज्या घोवानं घासलाय. तीन दिस अंगणात बसून. तुला खंय गावला?"

इंजिनासकट भंगारात आला होता, असे बिल्किसने सांगितले. मथुरा भागोजीची बायको होती. दर्याने एक फळीसुद्धा परत दिली नाही, असे आप्पांनी तिला सांगितले होते. होडी कुठल्यातरी परक्या बंदराला लागली असेल, या आशेवर ती चार वर्षे हातात हिरव्या बांगड्या घालून थांबली होती. ते ऐकून मी सुन्न झालो. किनाऱ्याला लागलेल्या होडीतून मला ओढून काढताना आप्पा स्वतः तिथे उभे होते.

दुसऱ्या दिवशी त्या दोघी आप्पांकडे गेल्या. मला बिल्किसने कडेवर घेतले होते. मला पाहताच आप्पांचा चेहरा पांढराफटक पडला.

"होडी उलटी मिळाली, रिकामी," ते हळूच म्हणाले. "कर्जापायी इंजिन कुणी ओढून नेऊ नये म्हणून लपवलं, गुपचूप भंगारात विकलं. मग खरं सांगायला तोंड उघडेना."

मथुरा तशीच मागे वळली. बाहेर आल्यावर बिल्किसने मला तिच्या ओटीत ठेवले.

"मावशी, मी आधी विचारायला हवं होतं."

"तू नेलास म्हणून तरी कळलं," मथुरा म्हणाली.

मी आता तिच्या ओसरीवर असतो. वाजत नाही. मित्रांनो, जुनी वस्तू उचलाल तेव्हा ती कुणाची होती, एवढे विचारत जा. आम्हाला सगळे ठाऊक असते, पण सांगता येत नाही.