गुणाजी नाखव्याच्या बोटीचा पट्टा

गुणाजी नाखव्याने आपली बोट रंगवायचं काम मला दिलं, तेव्हा अर्ध्या रेवदंड्याने नाकं मुरडली. माझ्या नजरेचा मधला भाग गेलाय. समोरचा चेहरा पुसलेला, कडेचं तेवढं दिसतं. मुंबईत डिझाइनची नोकरी होती. डोळ्यांचं कळल्यावर साहेब फार प्रेमळ झाले आणि एकेक काम काढून घेऊ लागले. शेवटी मीच राजीनामा देऊन घरी आले.

काम मी माझ्या पद्धतीने करते. टॅबवर अक्षर एवढं मोठं करते की एक वेलांटी पडदा भरून टाकते. बोटीवर खिळे ठोकून सुतळी ताणते आणि हाताने चाचपत आखणी तपासते. ब्रश प्रणयचा. तो तळा गावचा पेंटर, हाताने सफाईदार आणि तोंडाने अखंड चालू.

बोटीच्या कडेने फिरणारा पट्टा मी केशरी-हिरवा ठरवला. पावसाने उघडीप दिली तशी एक बाजू झाली, आणि शेजारच्या बोटीचा कोंडाजी तणतणत आला.

"माझा पट्टा उचललास व्हय गो, कल्पिता?"

आमच्याकडे एकाचा पट्टा दुसरा घेत नाही. बोटी खाडीत शिरल्या की बायका पट्ट्यावरूनच आपला माणूस आला हे ओळखतात. कोंडाजीचा पट्टा निळा, हे माझ्या लहानपणापासून डोक्यात. मी मुंबईत असताना त्याने तो बदलून केशरी-हिरवा केला होता. प्रणय बाहेरगावचा, त्याला ही रीतच ठाऊक नव्हती.

"जाऊ दे रे," गुणाजी मऊ आवाजात म्हणाला. "पोरीला दिसत न्हाय. बाकीचं प्रणय करील."

त्या मऊ आवाजाची मला चीड आली. साहेबांचाही असाच होता.

"नाखवा, चूक डोळ्यांनी नाही झाली. मी कुणाला विचारलं नाही म्हणून झाली. हव्या तेवढ्या शिव्या घाला. काम काढायचं असेल तर नक्षी वाईट म्हणून काढा, माझी दया येते म्हणून नको."

गुणाजीची बायको ठमाबाई जाळं सांधत बसली होती. ती म्हणाली, "उद्या दुसरा पट्टा दाखव. मला पटला न्हाय तर घरी बस."

मग मी किनाऱ्यावरच्या एकेका बोटीपाशी गेले आणि प्रत्येकाला पट्टा विचारला. एकही रंग मोकळा नव्हता. म्हणून रंगाचा नाद सोडला आणि काळ्यावर पांढरे, करवतीसारखे दात काढले. तसे कुणाचेच नव्हते. ठमाबाईने चित्र लांब धरून पाहिलं आणि नुसतं "हूं" केलं. आम्ही बोट पुन्हा रंगवली.

नारळी पौर्णिमेनंतर बोटी पहिल्यांदा परतल्या त्या संध्याकाळी मी किनाऱ्यावर होते.

"आली गो आमची!" सगळ्यांच्या आधी ठमाबाई ओरडली. बोट टेकल्यावर मात्र ती चारचौघांत माझ्यावर उखडली. "दात किती जाड काढलेस! नि पुढं वाकडे गेलेत. पुढल्या साली नीट कर, न्हायतर माझ्याशी गाठ हाय."

"मावशी, तिला कशाला बोलता..." प्रणय मध्ये पडला.

"तिला न्हाय तर कुणाला बोलू? नक्षी कुणाची?"

नजर गेल्यापासून मला असं कुणी झापलं नव्हतं. मला फार बरं वाटलं.

"कुठे वाकडे? दाखवा," मी म्हणाले, आणि साडी खोचून गुडघाभर पाण्यात उतरले.