माईंचे थरथरते हात

मध्यभारत मोडून नवं राज्य झालं आणि भोपाळच्या मुलींच्या शाळेत विनोदिनीला नोकरी लागली. ती जायला तयार नव्हती. नवरा, अरविंद, जाऊन वर्ष झालं होतं. तिची रंगीत पातळं अरविंदच्या काकांनी, भय्यासाहेबांनी, स्वतःच्या हाताने वाटून टाकली होती. वाटताना आपल्याला फार दुःख झालं, असं ते स्वतःच सांगत. नोकरीला त्यांची हरकत नव्हती, रंगाला होती.

"पांढऱ्यात वर्गात उभी राहिले तर मुली फळ्याकडे बघायच्याच नाहीत, माई," विनोदिनी सासूला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी माईंच्या हातून सुनेच्या धुतलेल्या पातळावर हळदीचा डबा पालथा झाला.

"पूरा डबा, वहिनी?" भय्यासाहेब म्हणाले.

"हात थरथरतात हो, भावजी. वय झालं."

याच हातांनी माई दुपारी सुईत दोरा ओवत होत्या.

"साबण लावून धुवा!" हुकूम सुटला. हुकूम देणाऱ्याने जन्मात कपडा धुतला नव्हता. हळदीला साबण लागला आणि बादलीतलं पातळ कुंकवासारखं लाल झालं.

"हे काय गजब केलंत?"

"तुम्हीच तर म्हणालात, साबण लावा."

विनोदिनी बादलीपाशी बसली. ती अरविंदसाठी रडली नाही म्हणून गल्लीने तिला नावं ठेवली होती. तिने तो ओला लाल पदर उचलला, कपाळाला लावला आणि मग मात्र तिला आवरेना. भय्यासाहेब वर्तमानपत्र घेऊन आत गेले. माईंनी तिला रडू दिलं. मग साध्या पाण्यात पातळ खळबळलं; लाल गेलं, पिवळं राहिलं, आणि उन्हात तेही विटलं.

माई भैरवगढला जाऊन कपडे रंगवणाऱ्यांना विचारून आल्या. त्यानंतर कांद्याच्या सालींचा काढा त्याच पातळावर उतू गेला. त्यात रंग पक्का करणारी तुरटीही पडलेली होती, आपोआप.

"चातुर्मासात कांदा?" भय्यासाहेब कडाडले.

"खाल्ला कुठे? शेजारणीकडच्या साली उकळल्या फक्त."

पातळ सावलीत वाळलं. जुन्या सोन्यासारखा रंग चढला होता, आणि तो धुऊनही उतरेना. भय्यासाहेबांनी ते बराच वेळ हातात धरलं. अरविंदला त्यांनीच खांद्यावर बसवून जत्रा दाखवली होती.

"वहिनी, हात वैद्याला दाखवा," एवढंच म्हणाले.

विनोदिनी ते पातळ नेसून गाडीत बसली.

"कुणी विचारलं, हा रंग कसा, तर?"

"सांग, सासू धांदरट आहे."

"माई, तुम्हीही चला ना."

"मी आले तर तिथेही सांडेल सगळं. जा."

गाडी गेली. घरी येऊन माईंनी दोन कप चहा केला. एक काठोकाठ भरून भय्यासाहेबांच्या हातात दिला. त्यांनी कपाकडे पाहिलं, मग वहिनींच्या तपकिरी पडलेल्या बोटांकडे.

"हात बरे झाले वाटतं."

"झाले," माई म्हणाल्या.

बशीत एक थेंबही सांडला नव्हता.