कुलूप लागलेलं हाय

जामखेडजवळच्या एका वस्तीवर राहणारे गोरक्षनाथ, म्हणजे सगळ्यांचे नाना, घराला कुलूप लावून निघायचे आणि अंगण ओलांडायच्या आत त्यांना वाटायचं, लागलं नसेल. मग परत. ओढून बघायचं, निघायचं, पुन्हा परत. ऊसतोडीच्या टोळीचे मुकादम होते तेव्हा त्यांनी माणसं, चुली आणि कोंबड्यांनी भरलेला ट्रक श्रीगोंद्याहून मागं फिरवला होता. कुलूप लागलेलंच होतं. टोळीतल्या प्रत्येकानं ते एकेकदा ओढून बघितलं. एवढं लांबून आल्यावर नुसतं बघून कसं जायचं.

थोरल्या लेकीच्या लग्नात तर नाना कन्यादानाच्या पाटावरून उठले आणि मोटरसायकलला किक मारून घरी गेले. पाणी त्यांचे धाकटे बंधू रामहरी यांना सोडावं लागलं. म्हणून धाकट्या आरतीचं लग्न ठरलं तेव्हा तिनं एकच गोष्ट मागितली. "नाना, माझ्या कन्यादानाला तुमी बसायचं. काकानं न्हाई." नाना हो म्हणाले. त्यांना खरंच बसायचं होतं, अडचण तीच होती.

रामहरींनी आधी घरगुती उपाय केला. शिंगणापुरात घरांना दारंच नसतात, तर कुलपं कुठून असणार, म्हणून नानांना तिथल्या पाहुण्यांकडं मुक्कामाला ठेवलं. नाना पाहुण्यांच्या उंबऱ्यावर राखण करत बसून राहिले. पाहुण्यांनी फोन करून त्यांना घेऊन जायला सांगितलं.

मग नगरच्या डॉक्टरीणबाई राजनंदिनी यांना दाखवलं. त्यांनी मनाच्या या आजाराचं नाव ओसीडी असल्याचं सांगितलं, गोळ्या दिल्या आणि पथ्यही दिलं. कुलूप एकदाच लावायचं, परत बघायचं नाही. भीती वाटेल, ती वाटू द्यायची, ती आपली आपण उतरते. नानांनी पथ्य तंतोतंत पाळलं. परत जाऊन बघता का, असं बाई दर खेपेला विचारायच्या आणि नाना नाही म्हणायचे. नानांच्या बायकोला, रंगुबाईंना, विचारलं तर त्याही एकदाबी न्हाई म्हणायच्या. दोघंही खरंच बोलत होती. तरी नाना आतून होते तसेच घाबरलेले. बाईंनी गोळी वाढवली, मग बदलली, मग पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांना फोन लावून विचारलं की काही पेशंटना उपचार लागू का पडत नाहीत. मोठे डॉक्टर बराच वेळ विचार करून म्हणाले, नसतात पडत.

नेमका त्या वेळी वस्तीवर नानांचा चुलतभाऊ पुंजाराम नानांच्या दारात उभा राहून कुलूप ओढत होता.

झालं होतं असं की नानांनी बघायचं नाही म्हटल्यावर भावकीनं ते काम अंगावर घेतलं. माणूस आजारी पडला की त्याच्या रानातली खुरपणी भावकी करते, तसंच हे. नाना बाहेर पडले की पुंजाराम कुलूप ओढायचा, मोबाईलवर त्याचा फोटो काढायचा आणि 'कुलूप लागलेलं हाय' या नावाच्या ग्रुपवर टाकायचा. खाली भावकी जोडलेले हात टाकायची. रंगुबाई नानांच्या कानाशी लागून "लागलंय" म्हणायच्या. नाना सुस्कारा सोडायचे. थोड्या वेळानं पुन्हा भीती, पुन्हा फोटो. पुढं पुढं पुंजारामचा हात इतका बसला, की फोटोत कुलपामागं सूर्य मावळताना दिसायला लागला. हे सगळं डॉक्टरला सांगावं असं कुणाच्या मनात आलं नाही. पथ्य नानांना होतं, भावकीला कुठं होतं?

लग्न जामखेड रस्त्यावरच्या मंगल कार्यालयात होतं. डॉक्टरीणबाईंना पत्रिका गेली होती, त्याही आल्या. पुंजारामला तेवढं कुलपाशी ठेवलं होतं. पण सख्ख्या चुलतभावाला टॉवेल-टोपीचा मान नाही म्हणजे जन्माचं बोलणं बंद. म्हणून रामहरींनी नानांना न सांगता त्याला बोलावून घेतलं.

अक्षता पडल्या, जेवणं सुरू झाली, पण माइकवरचे सत्कार काही थांबले नव्हते. नगरकडं ते थांबत नसतात. नाना पाटावर बसले. आरतीनं हात पुढं केले, रंगुबाईंनी तांब्या उचलला आणि माइकवाला म्हणाला की वेळात वेळ काढून उपस्थित राहिलेले पुंजारामभाऊ यांनी व्यासपीठावर येऊन टॉवेल-टोपीचा स्वीकार करावा.

"पुंजा हितं?" नाना म्हणाले. "मग कुलपाशी कोन हाय?"

नाना अर्धे उठलेसुद्धा. पुंजाराम टोपी सावरत, निघताना काढलेला फोटो पुढं करत धावत आला. डॉक्टरीणबाई मध्ये आल्या आणि हा फोटो कसला म्हणून विचारलं. पुंजारामनं मोठ्या अभिमानानं सगळा ग्रुप दाखवला. बाईंनी तो खालपर्यंत बघितला. सूर्यास्तापाशी त्या जरा थांबल्या. मग त्यांनी मोबाईल स्वतःच्या पर्समध्ये टाकला.

"आता कुणी काही सांगायचं नाही," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याला विचारणं म्हणजेसुद्धा परत जाऊन बघणंच. नाना, भीती वाटू दे. खाली बसा."

नाना रंगुबाईंकडं वळले. "लागलं हुतं ना गं?"

रंगुबाईंच्या जिभेवर शब्द तयार होता. त्यांनी लेकीकडं बघितलं.

"मला न्हाई म्हाईत," त्या म्हणाल्या आणि लगेच पदराचा बोळा तोंडात धरला.

नाना बसले. रंगुबाईंनी त्यांच्या हातावर धार धरली. पाणी आरतीच्या हातावर कमी आणि भटजींच्या धोतरावर जास्त पडलं. बाईंनी भटजींना मंत्र सावकाश म्हणायची विनंती केली आणि जेवणाची वेळ टळून गेलेली असूनही भटजींनी ती मानली, हे त्यांचं मोठेपण. आरतीनं नानांची बोटं धरून ठेवली होती. हळूहळू धार सरळ पडायला लागली.

"अजून वाटतंय का, नाना?" बाईंनी विचारलं.

"वाटतंय," नाना म्हणाले. "पर बसवतंय."

एवढ्यात बाहेर मोटरसायकली सुरू व्हायला लागल्या. कुलूप लागलंय की नाही हे आता कुणालाच म्हाईत न्हाई, ही कल्पना भावकीला पहिल्यांदाच शिवली होती. पुंजाराम टोपीसकट पुढं, मागं टेम्पो भरून बाकीचे आणि टेम्पोत हात न धुतलेले रामहरी. सगळे वस्तीच्या दिशेनं. डॉक्टरीणबाईंनी त्यांना थांबवायला माइक मागितला, पण माइकवर सत्कार चालू होता.

नानांनी मान वळवून धुरळा बघितला आणि पुन्हा तांब्याकडं वळले.

"जाऊ द्या, बाई," ते म्हणाले. "सुरवातीला लई अवघड जातं."