काचेवरचा आकडा

ऑइलचा लाल दिवा लागल्याबरोबर ताईनं गाडी बंद केली आणि दुसऱ्या गाडीला बांधून माझ्या गॅरेजात आणली. सोबत भाऊजी होते, तोंड फुगवून.

ताई घरोघरी जाऊन रुग्णांना इंजेक्शनं देते, जखमा धुते. गाडी गेली की तिचं काम बंद. आणि भाऊजींच्या डोळ्यांत ते काम पहिल्यापासून खुपतं.

मी बॉनेट उघडून ऑइलचं झाकण फिरवलं. झाकणाच्या खालच्या बाजूला काळा, घट्ट लगदा चिकटला होता. आत तसाच. माझं डोकं फिरलं. ते तसंही लवकर फिरतं. गाडी रोज पुसायची आणि तेलाकडे ढुंकूनही बघायचं नाही, अशा लोकांचा मला मनापासून राग येतो.

"ताई, तेल कधी बदललं होतंस?"

"तूच बदललंस. चार वर्षं झाली."

"चार वर्षं? इंजिनची वाट लावलीस तू."

मी बोलून गेलो आणि भाऊजींनी फोन काढला. "बघ, तुझा भाऊच म्हणतोय. तुला गाडी झेपत नाही. आजच विकून मोकळा होतो." गिऱ्हाईक आधीच बघून ठेवलेलं दिसत होतं.

ताई भांडली नाही. तिनं काचेवरच्या स्टिकरकडे बोट दाखवलं. "मी त्या आकड्याची वाट बघत होते."

अक्षर माझं होतं. पुढचं ऑइल किती किलोमीटरला, तो आकडा. मी मीटर बघितला. अजून चार हजार बाकी होते. डॉक्टरांनी लिहिलेला डोस पाळावा तसं तिनं माझं लिहिणं पाळलं होतं.

ताईच्या फेऱ्या दीड-दोन किलोमीटरच्या. इंजिन नीट तापायच्या आत बंद होतं, पाण्याची वाफ आतच राहते, न जळलेलं पेट्रोल तेलात उतरतं आणि त्याचा गाळ होतो. अशा गाडीचं तेल सहा महिन्यांनी बदलायचं, किलोमीटर बघायचेच नाहीत. मला हे ठाऊक होतं. पण वीस वर्षं मी सगळ्यांना एकच हिशेब लिहून देतो. तारीख लिहायचा मला कंटाळा.

भाऊजींच्या फोनवरून गिऱ्हाइकाला रिंग जात होती. माझे दोन्ही कारागीर पाने खाली ठेवून ऐकत होते, आणि त्यांच्यासमोर मी आजवर एकही चूक कबूल केलेली नाही. मला लाज वाटत होती आणि भीतीही. गप्प बसलो असतो तर कुणाला कळलंही नसतं.

"भाऊजी, फोन ठेवा. चूक माझी आहे."

"बहिणीची बाजू घेऊ नका."

"बाजू नाही घेत. मी चुकीचं लिहिलं, तिनं ते तंतोतंत पाळलं. इंजिन मी नीट करून देतो."

पलीकडून कुणीतरी हॅलो, हॅलो करत होतं. भाऊजींनी फोन कापला आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

इंजिनखालचं तेलाचं चेंबर खोललं तर तेल ओढणारी जाळी पार बुजलेली. आठ दिवसांचं काम. ताईचे तीन रुग्ण वाट बघत होते, म्हणून मी माझ्या गाडीची किल्ली तिच्यापुढे धरली.

तिनं ती घेतली नाही. "यातलं तेल कधी बदललंस?"

कारागीर माझ्याकडे बघत होते. मला काही केल्या तारीख आठवेना.